पालथी पायली

आये, तुझी पायली अजून माझ्याकडे आहे. लग्नात तू ती माझ्या हातात दिलीस तेव्हा मावश्यांनी नाकं मुरडली होती. लेकीला नवी भांडी द्यायची सोडून जुनं माप कसलं देतेस, असं त्यांचं म्हणणं. लाकडी, वर लोखंडी पट्टी मारलेली, भात मोजून मोजून कड गुळगुळीत झालेली. तू त्यांना काही सांगितलं नाहीस आणि मीही नाही. त्या पायलीवर मी बसले होते हे कळलं असतं तर मावश्या जेवायला थांबल्या नसत्या.

तळेघरच्या वरच्या अंगाला आपलं घर. एसटी आली तर आली, नाहीतर पायपीट. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी शिमग्याच्या आधी मला मुदतीचा ताप आला, आणि जाताना तो माझे पाय घेऊन गेला. चुलीपुढं बसायला गेले की धपकन खाली, आणि खाली गेलं की वर येणं नाही. आपल्याकडं बाईचा निम्मा दिवस उकिडवं बसण्यात जातो. चूल, भांडी, शेण, रोपं काढणं, कापणी. ज्या बाईला बसून उठता येत नाही, तिनं करायचं काय? मी रडत बसले. म्हणजे तेवढं बसणं मला जमत होतं. तू माझ्या पोटऱ्या दाबून बघितल्यास, बाजारात म्हैस बघतात तशा, आणि म्हणालीस, "पायांना इसर पडलाय. पुन्यांदा शिकवू. त्यात काय यवढं."

मग तू लाकडी उखळ पालथं घातलंस. "हितवर ये. खाली जायाची घाई न्हाई." उखळाला नुसतं टेकायचं आणि उठायचं. माझे हात सारखे गुडघ्यावर जातात, हे तू पहिल्याच दिवशी हेरलंस आणि तांदळानं भरलेलं सूप माझ्या हातात दिलंस. हात अडकले, आता उठायचं ते पायांनीच, आणि दाणा सांडला तर वेचायला पुन्हा खाली. एकदा तू पाण्याला गेली आहेस असं समजून मी सूप ठेवलं आणि मेढ, चुलीजवळचा छपराचा खांब, धरून उठले. वळते तर तू दारात, डोक्यावर हंडा. "मेढ यवढी आवडली व्हय? लावू का लगीन मेढीसंगं? नवरा हुडकायची पायपीट तरी वाचंल." तू हसली नाहीस. हंडा उतरवून चुलीकडं गेलीस, आणि मी मुकाट्यानं सूप उचललं.

उखळ सोपं झालं तेव्हा अडचण आली. पाट फारच खाली, आणि मधल्या उंचीचं घरात काही नाही. मला अजून दिसतं, तू फळीवरची पायली काढतेस, तिला हात लावून तो कपाळाला लावतेस आणि पायली जमिनीवर पालथी घालतेस. मी मागं सरकते. पायलीला चुकून पाय लागला तरी पाया पडायचं, हे तूच शिकवलेलं.

"आये, लक्ष्मी हाय ती."

"हाय की. पर लेकीपरीस मोठी न्हाई. बस."

मी बसले. आजवर कुणी मला त्याहून मोठं काही दिलेलं नाही.

आषाढात आवणी आली, भाताची लावणी. आपल्याकडं ती सावडीनं होते. दर घरची एक बाई दुसऱ्यांच्या शेतात जाते, मग त्या सगळ्या आपल्या शेतात येतात. आपली पाळी आली त्या दिवशी तू मला पाट दिलास. म्हणालीस, "औंदा राबात पाटावर बसून रोपं काढ. जमिनीची वेळ आजून आली न्हाई." पण सगळ्या बायकांसमोर पाटावर बसायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं. मी पाट बांधावर टाकला, अंगावर इरलं घेतलं आणि चिखलात उकिडवी बसले. बसले ते झोकात. उठायची वेळ आली तेव्हा पाय म्हणाले, आम्ही तुला ओळखत नाही. मग काय करायचं? रोपं काढत काढत पुढं सरकायचं. मान खाली, इरल्याआड तोंड, मुठीमागून मूठ बांधते आहे आणि बायका कौतुक करताहेत, पोरगी लई नेटाची. राबात, रोपांच्या त्या वाफ्यात, मधे दगडांची ओळ होती. अलीकडं गरवं भात, दिवाळीला पिकणारं, आणि पलीकडं हळवं, दसऱ्यालाच तयार होणारं. ती ओळ मी कधी ओलांडली ते मला कळलंच नाही. मुठी एकमेकींत मिसळल्या आणि मोठ्या खाचरात लागल्या.

रोपं असताना हळवं काय आणि गरवं काय, सारखंच हिरवं. दसऱ्याला सगळं उघडं पडलं. आपलं मोठं खाचर गोधडीसारखं झालं, इथं पिवळं, तिथं हिरवं. वाटेनं जाणारे बांधावर थांबून हसायचे आणि त्याला ठिगळाचं खाचर म्हणायचे. भाऊ सांगतो, अजून म्हणतात. मी तुझ्या शिव्यांची वाट बघत होते. तू खाचराकडं बघत म्हणालीस, "तुला उठता यीना म्हनून तू फुडं सरकली. दिसत व्हतं मला." मग जरा वेळानं, "हाक मारायची व्हती. हात दिला आसता. नुसतं बसाया येऊन काय उपेग, उठाया आलं पायजे."

असलं खाचर कापायला सावडीतलं कोण येणार? आपण दोघीच उतरलो. उभ्या गरव्यात शिरून, ते न तुडवता, उकिडवं बसून पिकलेल्या हळव्याचा चूड तेवढा विळ्यानं कापायचा, उठायचं, दोन पावलं जायचं, पुन्हा बसायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, मरते. नंतर वाटायचं थांबलं. दिवाळीनंतर गरवं कापायला आपण पुन्हा त्याच खाचरात उतरलो तेव्हा मी तुझ्यापुढं होते आणि तू मागून ओरडत होतीस, "जरा दमानं, म्हातारीला मागं टाकतीस व्हय."

पुढच्याच उन्हाळ्यात मी लग्न होऊन शिनोलीत आले. तू गेलीस तेव्हा माझी लेक अंगावर पीत होती. नीट रडायलाही मिळालं नाही, दूध आटेल म्हणून बायकांनी रडू दिलं नाही. ते राहिलं ते राहिलंच.

आणि आता परवाची गोष्ट. परवाची म्हणजे चिकनगुनियाची साथ आली त्या सालची. ताप उतरला पण गुडघे, घोटे असे धरले की सकाळी खाटेवरून उतरताना भिंत लागायची. घोडेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता खाली बसणं विसरा, खुर्ची वापरा. ह्यांनी लगेच लाल प्लास्टिकची खुर्ची आणली. हे मंचरला कामाला, रविवारचे येणार. सासूबाई थकलेल्या. आमच्या घरची सावडीची बाई मी एकटी. शेजारीण तशी बरी, ती येऊन हळूच म्हणाली, "औंदा नगं येऊ तू. खाचरं वाट्यानं दे कुनाला तरी. एकदा दिली म्हंजी झंझट न्हाई." एकदा वाट्यानं दिलेली खाचरं परत हाताखाली येत नाहीत, हे तिलाही ठाऊक आणि मलाही. ह्यांचंही मन तिकडंच झुकलेलं. मी ह्यांना म्हटलं, आषाढापर्यंत थांबा.

शेजारीण त्या दिवशी निघून गेल्यावर मी खुर्ची ओसरीवर ओढली आणि हातात सूप घेतलं. डॉक्टरांची खुर्ची ही माझी पहिली पायरी झाली. उखळ कुठलं आता, मिक्सर आलाय. खुर्चीनंतर तेलाचा डबा. डब्यानंतर तुझी पायली. ती पालथी घातली तशा सासूबाई कडाडल्या, "आगं, पायलीवं बसतीस? घरात दाना ठिवायचा हाय का न्हाई?" मी पायलीला हात लावून तो कपाळाला लावला आणि तुझं वाक्य जसंच्या तसं त्यांना ऐकवलं. त्यांना कुणी कधी पायलीवर बसवलं नसावं. दुसऱ्या दिवसापासून त्या खुर्चीत बसून पहारा द्यायला लागल्या. माझा हात नुसता गुडघ्याकडं वळला की तिकडून हाक यायची, "हात! हात!" तुझ्यापेक्षा कडक बाई आहे, आये. दुखायचं, पण ताप गेल्यावरचं दुखणं आणि कामाचं दुखणं यातला फरक मला एका खाचरानं शिकवून ठेवला होता. दुखणं चढलं की एक पायरी वर जायचं, पायलीवरून डब्यावर, आणि दोन दिवसांनी पुन्हा खाली. मला घाई नव्हती. पाय शिकतात हे मी एकदा बघितलेलं होतं.

आवणीला मी गेले. पाटही बरोबर नेला, आणि गरज पडली असती तर त्यावर बसलेही असते, आता कशाची लाज. पडली नाही. राबात जमिनीवर बसले, रोपं काढली, दगडांच्या ओळीपाशी आल्यावर थांबले आणि दोन्ही हातांत मुठी घेऊन उठले. शेजारीण बघत होती. म्हणाली, "वाट्याचं मी काय बोल्लेच न्हाई, आसं समज." सासूबाई ती लाल खुर्ची बांधावर मांडून, डोक्यावर छत्री धरून बसल्या होत्या. खुर्चीही वाया गेली नाही. खाचरं अजून आमच्याच हाताखाली आहेत.

हे लिहिलेलं कुठं धाडायचं नाही. घडी घालून पायलीत टाकेन आणि भात मोजायच्या वेळी पुन्हा बाहेर काढून ठेवेन. वाचता तर तुला कधीच येत नव्हतं. फक्त एक सांगायचं राहिलं. आवणी संपली त्या दिवशी संध्याकाळी घरात कुणी नव्हतं. चुलीपुढून उठताना मी मेढ धरली. पाय चांगले होते, मुद्दामच धरली. दाराकडं बघत थोडा वेळ तशीच उभी राहिले, आणि मग भाकरी टाकायला बसले.