आमच्या गॅरेजातली लाइन

टोलीडो, ऑगस्टची सुरुवात

प्रिय ओपल,

वाईट बातमी आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तू निवांत वाचशील. तुझी गाडी मी विकलेली नाही. तू फोनवर बजावून सांगितलं होतंस की जेरी, जो पहिला येईल त्याला देऊन टाक, दुसऱ्या गिअरला ती नुसती गुरगुरते आणि पुढे सरकत नाही, मला आता तिचं काही करायचं नाही. मी ‘बरं’ म्हणाले. मी ‘बरं’ म्हणते तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे इतक्या वर्षांच्या मैत्रीनंतरही तुला कळत नसेल तर तो दोष तुझा. फिंडले गावचा एक माणूस दोनदा येऊन बघून गेला. बॉनेटवरून असा हात फिरवत होता, जसा काही बैलबाजारात आलाय. महिनाअखेरीस कळवते म्हणून मी त्याला वाटेला लावलं. तेव्हा तुझी ही हिरवी गाडी जायची की राहायची हे अजून ठरायचंय आणि ते ठरवायला मला तू हवी आहेस. पण आधी इथे काय काय झालं ते ऐक, कारण ते सगळं तुझ्या माघारी तुझ्याच गाडीवर झालंय.

सुरुवात युनियन हॉलमध्ये झाली. शुक्रवारची तळलेली मासळी खायला मी आणि आमचा नवरोबा स्टॅश गेलो होतो. तिथे आपल्या कारखान्यातले डेल्बर्ट आणि रूझवेल्ट बसले होते, नेहमीच्याच टेबलावर आणि नेहमीच्याच तक्रारी घेऊन. मी सहज बोलून गेले की ओपलची शेव्हेल विकायची आहे, तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेलाय. डेल्बर्टने काटा खाली ठेवला. तो केंटकीच्या डोंगरातला माणूस, खाताना काटा खाली ठेवणं त्याच्या बाबतीत फार मोठी गोष्ट आहे. म्हणाला, “अगं, तिच्यात आपलाच गिअरबॉक्स आहे ना? बाहत्तर सालचा. आपल्या लाइनवरचा.” मग रूझवेल्ट टोपी मागे सारत म्हणाला, “आपण तीस वर्षं रोज शेकड्यांनी बांधले. एक पुन्हा बांधायला काय लागतंय?” काय काय लागतं ते मी आता तुला सांगू शकते. पण त्या संध्याकाळी आम्हाला सगळं सोपं वाटत होतं. बीअरही स्वस्त होती.

पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. गाडी स्टॅशने लाकडी ठोकळ्यांवर चढवली आणि रूझवेल्टने पुतण्याच्या दुकानातून बुटका जॅक आणला. गिअरबॉक्सच्या तळाचं झाकण सोडवलं की आतलं ऑइल खाली येणार, घमेलं ठेवायला हवं, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. कारखान्यात आपल्यासमोर रिकामाच गिअरबॉक्स यायचा ना. बोल्ट सुटले, झाकण एका बाजूने कललं आणि सगळं लाल ऑइल स्टॅशच्या डोक्यावर. तो जन्मभर बेकरीत काम केलेला माणूस, त्यात रविवारच्या प्रार्थनेचा शर्ट घालून गाडीखाली शिरलेला. तसाच बाहेर आला, शर्टाची बाही हुंगली आणि म्हणाला, “यात जळलेल्या पावाचा वास येतोय.” वास खराच जळका होता. आतल्या क्लच प्लेटा कोळशासारख्या झाल्या होत्या, म्हणून तुझी हिरवी दुसऱ्या गिअरला जागची हलत नव्हती.

खरी गंमत तर उघडल्यावर कळली. ओपल, आपल्यापैकी कुणालाही गिअरबॉक्स बांधता येत नाही. हसू नकोस, तुलाही येत नाही. डेल्बर्टची सगळी हयात मागच्या बाजूची दातेरी चाकं बसवण्यात गेली. माझी प्लेटांची चळत रचून त्यावर लॉकची कडी दाबण्यात. रूझवेल्टची पुढच्या तोंडाचा ऑइल पंप बसवण्यात. डेल्बर्टच्या आधी काय व्हायचं, हे डेल्बर्टला माहीत नाही. माझ्यानंतर काय व्हायचं, हे मला तेवढंच माहीत, जेवढं मान वळवून दिसायचं, आणि मान वळवली की फोरमन ओरडायचा. शेवटी स्टॅशने लायब्ररीतून दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक आणलं. चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन तो एकेक ओळ वाचायचा, पाद्रीबाबांसारखी, आणि आम्ही ज्याचं त्याचं आलं की हात वर करायचो. गॅरेजातलं लांब टेबल आपोआप लाइन झालं. डेल्बर्ट कपडे धुण्याच्या मशीनपाशी, मी मधे, रूझवेल्ट दाराशी. कुणी ठरवलं नाही, पण कुणी जागाही बदलली नाही. दहा वाजले की डेल्बर्ट हातातला पाना तसाच टाकून कॉफीला जायचा. मी म्हटलं, अरे, इथे भोंगा नाही वाजत. तर म्हणे, “पोटात वाजतो.”

आता आमचा पराक्रम ऐक. आठवडाभर खपून आम्ही सगळं बसवत आणलं. डेल्बर्टची चाकं गेली, त्यांवर माझे क्लच गेले, रूझवेल्टने पंप बसवून बोल्ट आवळले. मी पोलिश सॉसेज भाजले, डेल्बर्टच्या बायकोने घेवड्याची उसळ पाठवली आणि आम्ही स्वतःवर भलतेच खूश होऊन बसलो होतो. स्टॅश जेवता जेवता पुस्तक चाळत होता. एकदम थांबला. “हे काय लिहिलंय? नव्या प्लेटा बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवून ठेवाव्यात, नाहीतर पहिल्याच फेरीत जळतील.”  मी डेल्बर्टकडे बघितलं, डेल्बर्टने रूझवेल्टकडे बघितलं. मी म्हटलं, “माझ्याकडे ओल्याच यायच्या.” खरंच यायच्या, तुला आठवत असेल, पेटीतून काढल्या की कोपरापर्यंत ओघळ यायचे. कोण भिजवायचं, कुठे भिजवायचं, देव जाणे. रूझवेल्ट म्हणाला, “कुणीतरी भिजवत असणार.” स्टॅशने पुस्तक मिटलं. “तीस वर्षं पाव भाजलात आणि पीठ कोण मळतं ते ठाऊक नाही?”  सगळं पुन्हा उघडलं. प्लेटा भिजत घालायला एवढं पसरट भांडं दुसरं नव्हतं, म्हणून टर्की भाजायचा माझा मोठा ट्रे गेला. तेव्हा या वर्षी थँक्सगिव्हिंगला माझ्याकडे आलीस तर टर्की नाही, कोंबडी मिळेल.

मधल्या काळात इकडची खबरबात अशी, की स्टॅशचा गुडघा पावसाआधी बोलतो आणि पाऊस आल्यावरही गप्प बसत नाही. टोमॅटो इतके आलेत की शेजारी आम्हाला बघून दार लावून घेतात. चर्चच्या जत्रेत पिरोगी, म्हणजे आमच्या पोलिश उकडलेल्या करंज्या, लाटायला या वर्षी नव्या मुली होत्या. त्यांच्या पिरोग्या उकळत्या पाण्यात उलगडून पोहत होत्या. मी काही बोलले नाही. म्हणजे एकदाच बोलले.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. दुसऱ्यांदा क्लच बसवताना मी कडी दाबली, ती टक् करून खाचेत बसली आणि माझ्या बोटांना ते सगळं आठवलं, माझ्याआधी. मग डेल्बर्टने मुख्य दांडा हळूच फिरवला आणि आतली चाकं एकात एक फिरताना दिसली. ओपल, इतकी वर्षं मी ती कडी दाबली आणि ती नेमकी काय धरून ठेवते, हे मला कधी कुणी दाखवलंच नव्हतं. ती सगळं धरून ठेवते. मला रडू आलं. मी सुटे भाग धुवायच्या रॉकेलच्या वासावर ढकललं, पण डेल्बर्टही नाक पुसत होता आणि त्याला तर वासच येत नाही.

नंतर रूझवेल्टने हवेच्या नळीने एकेक क्लच तपासला. भोकात हवा सोडली की आतून ठप् असा आवाज यायला हवा. सगळ्यांनी ओ दिली. मग आला व्हॉल्व्ह बॉडीचा नंबर, तो वारुळासारख्या वाटा कोरलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा. त्यात चार पोलादी छर्रे ठेवायचे, म्हणजे ऑइल कुठून जायचं आणि कुठून नाही ते ठरतं. पुस्तकात चित्र आहे, छर्रे कुठे बसतात तिथे ठिपके काढलेत. पाच मिनिटांचं काम. स्टॅशने बशीतला एक छर्रा उचलला, तसा डेल्बर्ट म्हणाला, “ठेव खाली. ते ओपलचं स्टेशन आहे, लाइनवरची तिची जागा.” स्टॅश म्हणाला, “अरे, पण ती अलाबामात आहे.” रूझवेल्टने फडक्याने हात पुसले, टोपी घातली. “मग लाइन थांबली. माणूस आला की चालू होईल.” आणि दोघे घरी गेले. तेव्हापासून दर मंगळवारी येतात, कॉफी पितात, बशीकडे बघतात आणि बेसबॉलवर बोलून निघून जातात. ठोकळ्याला हात कुणी लावत नाही. मी स्टॅशला बेकरीतलं उदाहरण देऊन समजावायचा प्रयत्न केला. त्याने मला सांगितलं की बेकरीत एवढे वेडे लोक नव्हते.

आता मूळ मुद्द्यावर येते, ज्यासाठी पत्र लिहायला बसले. मला कळलंय, ओपल. ईस्टरच्या जेवणात तू कप दोन्ही हातांनी धरत होतीस. मग विणकामाच्या सगळ्या सुया मला देऊन टाकल्यास, म्हणालीस कंटाळा आला. तुला आणि विणकामाचा कंटाळा. आणि पुढच्याच महिन्यात थंडी सोसत नाही म्हणून अलाबामाला लेकीकडे निघून गेलीस, भर मे महिन्यात. गेल्या आठवड्यात मी तुझ्या लेकीला, येव्हॉनला, फोन करून सरळ विचारलं. तिच्यावर चिडू नकोस, मी तिला फोन ठेवू दिला नाही. डॉक्टर कंपवात म्हणतात, औषधाने बरंच आवरतं आणि तू दिवसभर हात मांडीखाली घेऊन बसतेस, असं ती म्हणाली. मला तुझा राग आला, अजूनही आहे. तुझे हात आम्ही बघू नयेत म्हणून तू गेलीस. लाइनवर सगळे ते छर्रे व्हॅसलिनमध्ये चिकटवून बसवायचे, नाहीतर धक्का लागला की घरंगळायचे. तू पहिल्याच दिवशी डबा बाजूला सारलास आणि कोरडे ठेवलेस, बोटाच्या टोकाने, एकही हलला नाही. फोरमन बघत राहिला. अख्ख्या कारखान्यात तसा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, हे तुलाही माहीत होतं आणि तुझ्या चालण्यातही ते दिसायचं. आम्ही बाकीचे सगळे व्हॅसलिनवालेच होतो, ओपल. आमची तीस वर्षं त्यावर गेली आणि आम्हाला कुणी कमी पगार दिला नाही. आता तूही आमच्यात ये. हात थरथरला तर थरथरू दे, छर्रा चिकटून राहतो. नाही राहिला तर जमिनीवर शोधायला आम्ही चौघं आहोत, गुडघे कसेही असले तरी. सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या मिरवणुकीला अजून वेळ आहे, तोवर ये. येव्हॉन तुला विमानात बसवून देईल, मी तिच्याशी बोलले आहे. ते चार छर्रे बसव, मग हिरवी चालव, स्टॅशला चालवायला दे, नाहीतर त्या फिंडलेवाल्याला विकून मोकळी हो, मी परत ‘बरं’ म्हणेन आणि या वेळी पाळेन. गाडीचं मला काही नाही गं. मी आयुष्यभर तुझ्याशेजारी उभी होते, आणि तुझ्यावाचून मला इथे करमत नाही.

तुझी वाट बघत थांबलेली, तुझीच
जेरी