हेरूच्या नावावर समुद्र

१२ जानेवारी २०२५. लोंबोक, बालीच्या शेजारचं बेट.
आज जागा पाहिली. बारा गुंठे, नारळाची झाडं, समोर समुद्र. टूरमधले बाकीचे सेल्फी काढत होते, मी एकटाच माती हातात घेऊन बघत होतो. फरक असतो. माती रेताड आहे, पण आपल्याला इथे ज्वारी करायची नाही. एका बाजूला समुद्र, म्हणजे त्या बाजूने बांध कोरणारा शेजारी नाही. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.
आमच्या चऱ्होलीत जमिनी विकून गाड्या घेणारे पुष्कळ. परदेशात समुद्रकिनारी जागा घेणारा पहिला मी.
ठराव: रोज पाच इंग्रजी शब्द पाठ करणे.

१३ जानेवारी, सकाळी.
अडचण एकच. परदेशी माणसाच्या नावावर इथे जमीन होत नाही. इथला वकील म्हणतो, पंचवीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने घ्या. भाड्याने? आमच्या घरात भाडेकरू असतात, आम्ही भाडेकरू नसतो.

संध्याकाळी.
मार्ग निघाला. आमचा ड्रायव्हर हेरू इथलाच आहे, त्याचं छोटं गेस्ट हाउसही आहे. जमीन त्याच्या नावावर घ्यायची, पैसे माझे, दोघांत एक कागद. मोबाइलमध्ये बोलून त्याचं हिंदी करून दाखवलं त्याने. मला हसूच आलं. आपल्याकडेही शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, मग तो एखाद्या शेतकऱ्याच्या नावावर घेतो. मी स्वतः असं नाव दिलेलं आहे. या विषयात मी अनुभवी.
वकील म्हणाला, असं करू नका. त्याची फी बुडते ना.

२० जानेवारी. घरी.
जयमालाला फोटो दाखवले. बायकोने समुद्राकडे बघितलंसुद्धा नाही. कागूद कुनाच्या नावावर हाय, एवढंच विचारलं. हेरूच्या, पण माणूस सज्जन आहे, मला ब्रदर म्हणतो, असं सांगितलं. तर म्हणाली, उद्धवरावबी तुमाला भाऊच म्हनायचे की.
हा विषय काढायची गरज नव्हती. एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. उद्धवराव चाकणला एका कंपनीत टूलरूमला होते. मूळचे लातूरकडचे, शेती नाही. २००६ साली कुरुळीतला एक एकर त्यांनी माझ्या नावावर घेतला. पुढे भाव वाढले. मी त्यांना त्यांचे पैसे परत केले. पै न पै, वर पेढ्यांचा एक किलोचा बॉक्स. कायद्याने जमीन माझीच होती. बरेच लोक पैसेसुद्धा देत नाहीत. विषय संपला.
तो एकर विकूनच लोंबोकचे पैसे भरतो आहे. निव्वळ योगायोग.

४ फेब्रुवारी.
पैसे पाठवले. हेरूने कागदाचा फोटो टाकला. एक अक्षर कळलं नाही, पण शिक्का चांगला गोल आहे.

९ फेब्रुवारी.
मित्रमंडळाने चौकात फ्लेक्स लावला. मी, गॉगल, मागे समुद्र. खाली, ‘सातासमुद्रापार जागा घेणारे चऱ्होलीचे पहिले सुपुत्र रणजीतशेठ’. मी नको नको म्हणत होतो. फोटो तेवढा मीच दिला, त्यांच्याकडचा जुना होता.
इंग्रजी शब्द: ओनर, व्ह्यू, बीच. तीनच झाले, पण उपयोगाचे आहेत.

२ एप्रिल.
हेरू आठवडाभर फोन उचलत नाही. परवा ईद झाली, पाहुणे असतील.

१९ एप्रिल.
टूरवाला सनी म्हणाला, शेठ, तुमच्या जागेला खेटून मोठा रस्ता होतोय, भाव तिप्पट! लगेच हेरूला अभिनंदनाचा मेसेज केला. जयमाला म्हणाली, मंग आता गेली म्हना. हिला व्यवहारातलं काही कळत नाही.

२५ एप्रिल.
हेरूकडून पैसे आले. सगळे.
सोबत मेसेज. मुलगी तनुजा हिंजवडीला नोकरी करते, तिने मराठी करून वाचला. कायद्याने जमीन माझी आहे, तरी तुमचे पैसे परत करतो आहे, बरेच लोक तेवढंही करत नाहीत, तुमचा भाऊ हेरू.
दिवसभर जेवण गेलं नाही. बीपी असावं.

२७ एप्रिल.
ठराव: लढायचं. तनुजा म्हणाली, पप्पा, काय झालं ते मराठीत लिहून द्या, मी इंग्रजी करते. दुपारभर बसलो. नमस्काराच्या पुढे सरकेना. तक्रार लिहायची सवय नाही. आजवर लोकांनीच माझ्याविरुद्ध लिहिल्या.

२८ एप्रिल.
युक्ती सुचली. कुरुळीच्या फायलीत उद्धवरावांनी २०१२ साली मला लिहिलेलं पत्र आहे. मजकूर तयार, नावं तेवढी बदलायची. कुरुळीच्या जागी लोंबोक, रणजीतभाऊच्या जागी हेरूभाऊ. पहिलं पान अर्ध्या तासात झालं. ‘तुमच्या शब्दावर विसंबलो’, तसंच ठेवलं. ‘बायको विचारते, घर कधी बांधायचं’, तेही ठेवलं. ‘पैसे परत मिळाले हे खरं, पण मी तुमच्याकडे पैसे ठेवायला दिले नव्हते.’
हे वाक्य मी तेव्हा वाचलंच नव्हतं. पहिल्या चार ओळी वाचून पत्र फायलीत लावलं होतं.
लाज वाटली. ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहितो.
पण वाक्य उतरवून घेतलं.

३० एप्रिल.
तनुजाने इंग्रजी केलं, हेरूला पाठवलं. तिच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, पप्पा, किती मनापासून लिहिलंय, तुम्ही लिहिलं हे? मी हो म्हणालो. जयमाला शेजारी मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

१२ मे.
हेरूने पत्र वाचलं, निळ्या खुणा दिसतात. उत्तर नाही. दर तासाला फोन बघतो. जयमालाने विचारलं, उद्धवरावांनी किती दिस वाट बघितली असंल वो? मी म्हणालो, ते पोस्टाने होतं, पोस्टाला वेळ लागतो.
रात्रभर कूस बदलत होतो. मी त्या माणसाला उत्तरच दिलं नव्हतं.

१८ मे, रविवार.
तळेगावला उद्धवरावांकडे गेलो. माफी मागायची आणि कुरुळीचे आलेले पैसे तुमचे आहेत म्हणायचं, हे ठरवून. गाडीत तीनदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं.
रिटायर झालेत. दोन खोल्यांचा फ्लॅट, चौथा मजला, लिफ्ट बंद. या की भाऊ, म्हणाले. चहा स्वतः केला. मंडळींना जाऊन दोन वर्षं झाली म्हणाले. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, तुम्ही समुद्रावर जागा घेतली म्हणं? लई झाक झालं. कशी हाय?
मी सांगितलं. नारळ सांगितले, वाळू सांगितली, सकाळी पाणी कसं हिरवं दिसतं ते सांगितलं. अर्धा तास. ते मन लावून ऐकत होते.
निघताना म्हणाले, काही काम काढलं होतं का? मी म्हणालो, नाही, सहज आलो होतो. घर बांधून झालं की तुम्हाला दाखवायला नेतो.
चार जिने उतरून गाडीपर्यंत सोडायला आले.