वन्संच्या घरचं रक्त

५ जानेवारी, देगलूर
मी सांगतेय, सून सुमन लिहून राहिली, तोंड वाकडं करून. लिही गं, वाकडं तोंड पण लिही.
माझा लेक भास्कर जाऊन महिना झाला. लातूरच्या डॉ.नी त्याचं रक्त तपासलं होतं, मग माझं. काल म्हणाले, त्याचा पोटाचा कॅन्सर घराण्याच्या रक्तातूनच आलेला. एक जीन असतं, पेशींना एकमेकींना धरून ठेवायचं त्याचं काम. ते बिघडलं की पेशी सुटतात, पोटाच्या अस्तरात पसरतात. माझं जीन चांगलं निघालं. म्हणजे आलं ते मालकांकडून.
मालक पण पोटानंच गेले. तवापासून नणंद गयाबाई सांगत फिरते, 'वैनीनं माझ्या भावाला काहीतरी चारलं.' तिच्या घरचं कुणी माझ्याकडं पाणी पीत न्हाई.
डॉ. म्हणाले, नणंदेला अन् तिच्या लेकीला तपासा, लवकर कळलं तर वाचतात. म्हटलं, गयाचं राहू द्या, शीलाला वाचवा. सुमन, हे खोडू नको.

९ जाने.
एस.टी.नं निलंग्याला. गया दारातच.
'आता कुणाला खायला आलीस?'
'वन्सं, खोट तुमच्या रक्तात हाय. शीलाला तपासा.'
'आमच्या रक्तात? तुझ्या हातात हाय खोट!'
'तुमचा बा पण पोटानंच गेला. तवा मी ह्या घरात आले बी नव्हते. त्याला कुणी चारलं?'
तिनं दार लावलं, कडीसकट. येताना लई बरं वाटलं, अर्ध्या वाटेपर्यंत. मग शीला आठवली.

१८ जाने.
शीलाचा फोन. नवऱ्याला सोडल्यापासून आईकडंच असते. 'मामी, दोन घासांत पोट भरतं.' भास्करचं असंच सुरू झालं...
आईला बाजाराचं सांगून लातूरला आली, मी पण गेले. रक्त दिलं. डॉ. म्हणाले, दुर्बीण घालून पोट पण बघू. 'आईला विचारते,' म्हणाली. चाळिशीची बाई! कळवायला नंबर माझा दिला.

२७ जाने.
गयाला कळलंच. निलंगाभर सांगून राहिली, 'वैनीनं शीलाचं रक्त नेलं, करणीला.' मला करणी येत असती तर तुझी जीभ अजून चालली असती का गं?

११ फेब्रु.
शीलाच्या रक्ताचा रिपोर्ट आला. डॉ. मला सांगेनात. 'पेशंटला घेऊन या, लवकर.' शीलाला फोन लावला, उचलला गयानं.
'शीलाला द्या.'
'जेवतेय ती.'
'किती जेवली?'
'दोन घास.' तिनं फोन ठेवला न्हाई. मी पण न्हाई.