भोक किरकोळ, बाकी सगळं मोठं

तीर्थस्वरूप अप्पाकाकांस,

मृणालीचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि काकूची डोंबिवली कशी आहे? इकडे आम्ही सुखरूप आहोत (आईने असंच लिहायला सांगितलं आहे).

आपल्या सड्याच्या माळावर एका कंपनीची माणसं कातळाचे नमुने घ्यायला आली. खाण काढायची की नाही, ते त्यावरून ठरणार. किरकोळ नमुन्यांना पर्यावरणाची तपासणी लागत नाही, सूट आहे, असं त्यांच्या विनीतसाहेबांनी देवळात समजावलं. आम्हाला वाटलं, पिशवी-फावडं आणतील. आली ती घराएवढी बोअरची गाडी. भोकासाठी गाडी, गाडीसाठी रस्ता, रस्त्यासाठी झाडतोड. पण मूळ भोक किरकोळ, म्हणून सारंच किरकोळ! (नवरामुलगा बुटका म्हणून लग्नाचा खर्च कमी होतो का, काका?) सखूआते म्हणाली, "काय ओ साहेब, आमटीतलं मीठ बघायला चमचा लागतो. तुम्ही चुलीसकट घर हलवलंत की!" साहेबांनी ते 'सूचना' म्हणून लिहून घेतलं.

तेव्हापासून वाडीच्या विहिरीला लाल पाणी येतंय. साहेब म्हणतात, जांभ्याचा रंग आहे, बसेल खाली. मी पेला भरून पुढे केला, तर त्यांनी विकतची बाटली उघडली. सगळी वाडी आता पऱ्याचं पाणी भरते, आणि चैत्रात हा ओढा आटतो (यात काडीची अतिशयोक्ती नाही, दोन जणांना विचारून लिहिते आहे). मी तालुक्याला गेले. तिथले कारकून म्हणाले, सूट म्हणजे तपासणी नाही, तपासणी नाही म्हणजे नुकसानीची नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे नुकसानच नाही. इतकं स्वच्छ आमच्या विहिरीत सध्या काहीच नाही.

तुमची,
मृणाली

ता. क. कारकुनांनी एक वाट सांगितली. ज्याच्या जमिनीतून रस्ता काढला, त्या मालकाने संमती दिली नसेल तर त्याने स्वतः येऊन काम थांबवायला सांगावं. म्हणून तुम्ही या.

आणखी ता. क. मालक तुम्ही आहात. काम सुरू होताना बाबांनी जागेच्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "आमच्या कलमांना धक्का लागू देऊ नको रे म्हाराजा." नाही लागला. गाडी तुमच्या काजूंतून गेली. वाट बाबांनीच दाखवली. आईने हे लिहू नको म्हणून बजावलं होतं. पण मला पाटीवर अक्षरं तुम्ही शिकवलीत, आणि खोटं लिहिलं की पुसायला लावायचात. तेव्हा चिडा, आणि चिडूनच या. साहेबांवर भरपूर चिडा. बाबांवर किरकोळ.