बावीस जणांचा सोफा

मेकनेस, रविवार

माझी थोरली बहीण लल्ला बतूल हिला धाकट्या अल्लालचा सलाम. तिकडे तंजा शहरात सगळे खुशाल असाल. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून मध्ये थांबावं लागतं का? (भावोजींच्या खोकल्याचं विचारत नाही. तो खोकला आपल्या सगळ्यांना पुरून उरणार आहे.) माझं म्हणशील तर आठ दिवस एका भाडेकरूपायी धावपळ चाललीय. कारण तुला ठाऊकच आहे. महिनाअखेरपर्यंत आईच्या माघारी रिकाम्या पडलेल्या तिच्या मजल्यावर भाडेकरू आला नाही तर तो मजला विकायचा, असं तू फोनवर म्हणालीस आणि माझं काही ऐकून न घेता फोन ठेवलास.

तर भाडेकरू मिळाली. इबतिसाम नावाची, अगादीरची शिक्षिका. एकटीच राहणार, सामानासकट घर हवं. पलंग, फ्रिज, शेगडी सगळं होतं. फक्त आईच्या लाकडी बैठकीला वाळवी लागली होती, म्हणून ती मी काढून टाकली होती. ‘एखादा साधा सोफा टाका काका, शुक्रवारी बघायला येते,’ म्हणाली. आता साधा म्हणजे किती साधा, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, आणि तिथेच माझं चुकलं.

मी सुतार मिस्त्री लहसनला बोलावलं. किती माणसं बसणार, असं त्यानं दारातूनच विचारलं. मी म्हटलं, एक. त्यानं हातातली पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. ‘अल्लालसाहेब, पोरगी एकटी आहे म्हणून तिला आईबाप नाहीत का? मावश्या नाहीत? उद्या कुणी मागणी घालायला आलं तर मुलाकडच्यांना काय जमिनीवर बसवणार?’ खरंच की! मुलाकडचे सात तरी धर. मग हिच्याकडचे, साखरपुड्याला शेजारीपाजारी, आणि लग्न मोडलंच (अल्ला न करो) तर समजूत घालायला येणारे वेगळेच. मोजता मोजता आकडा बावीसवर गेला. आपल्याकडे असतो तसा तीन भिंती धरून सोफा करायचं ठरलं. तुकडे जिन्यातून वर नेऊन त्यानं खोलीतच ठोकला, म्हणजे आता करवत लावल्याशिवाय तो बाहेर निघत नाही.

गाद्यांना लोकर आईचीच घेतली. ती दहा वर्षं बांधून ठेवलेली; धुतल्याशिवाय पिंजारी हात लावेना, म्हणून मी स्वतः धुऊन गच्चीवर वाळत घातली. नेमका वारा सुटला. निम्मी लोकर शेजारच्या हज्जा राहमाच्या ओल्या चादरींवर जाऊन बसली. ‘अरे अल्लाल, उतारवयात मेंढ्या पाळायला लागलास? मग चारायला तरी दुसरीकडे ने!’ असं ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडली. तिच्या चादरींवरून एकेक झुपका वेचताना मला आईच्या केसांच्या तेलाचा वास आला. (तेल नसेलही. पण मी तिथेच थोडा वेळ बसून राहिलो.)

शुक्रवारी इबतिसाम आली. दारात उभी राहून तिनं तिन्ही भिंती पाहिल्या आणि, काका, माझं टेबल कुठे ठेवायचं, असं विचारलं. मी म्हटलं, आधी बस तर खरी. ती एका टोकाला बसली, मी दुसऱ्या टोकाला. चहाचा पेला द्यायला मला उठून खोलीभर चालावं लागलं. मग तिनं विचारलं की खिडकीजवळचा कोपरा बाकीच्यापेक्षा उंच का आहे? मी म्हटलं, मिस्त्रीचं माप चुकलं. ती हसली आणि हळूच म्हणाली, ‘सोफा छान आहे, काका. पण इथे बसलं की सगळे आत्ताच उठून गेलेत असं वाटतं.’ मी पुन्हा चहा ओतला.

मोठ्या बहिणीपुढे धाकट्यानं फार बोलू नये, म्हणून इथेच थांबतो. मुलांना माझे मुके.

तुझा,
अल्लाल

ता. क. एक बाजू कापून टेबलाला जागा केली तर ती घर घेणार होती. काल लहसन करवत घेऊन आला. कापायची होती ती खिडकीची बाजू, जिथे आई बसायची. मी त्याला चहा पाजून परत पाठवला. इबतिसामला हज्जा राहमाकडे खोली मिळाली. तेव्हा भाडेकरू नाही. विकायचं असेल तर वीक, मी सही करीन. फक्त त्याआधी एकदा येऊन बसून जा.

पुन्हा ता. क. मिस्त्रीचं माप चुकलेलं नाही. तो कोपरा चार बोटं उंच करायला मीच सांगितलं होतं, म्हणजे उठताना गुडघ्यांना त्रास नको. इबतिसामचे गुडघे ठणठणीत आहेत.