पास झालेले दोन लॉट

८ जानेवारी

चि. धाकटोबास ताईचे अनेक आशीर्वाद.

कागदाच्या गिरणीत नोकरी आणि घरी चार ओळी पाठवायला कागद नाही, असं बाबा रोज ऐकवतात. बोलणी मला खावी लागतात, तेव्हा लिहीत जा.

बाबा तुरटीच्या कारखान्यात अजून ठाण मांडून आहेत. माती ॲसिडमध्ये उकळायची, गाळ बसू द्यायचा, मग वरचा रस पांढऱ्या कपात घेऊन खिडकीशी धरायचा. लोखंडाचा अंश राहिला तर पिवळी झाक दिसते. ती गेली की मगच ओतायचा हुकूम. ती झाक ओळखणारे डोळे फक्त आपलेच, हा त्यांचा तोरा. चार नंबरच्या टाकीला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. तिथली तुरटी तपासायला तुमच्या गिरणीत आपलाच मुलगा बसतो, हे त्यांनी सगळ्यांना सांगून सांगून पाठ करून घेतलंय.

हल्ली चहा मात्र बशीबाहेर ओततात आणि वर मलाच रागावतात. वय झालं, दुसरं काय.

लोभ आहेच, पत्रातूनही दिसू दे.
ताई

२० जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

घे, चांगला जाड कागद वापरलाय. लगद्यात राळेबरोबर तुरटी पडली नसती, तर माझं हे सुंदर अक्षर फुटून तुला एकही शब्द लागला नसता. बाबांना सांग, चार नंबरचा माल पोचला, छान आहे.

ते जिना उतरताना चाचपडतात का गं? सहज विचारतोय.

तुझ्या मायेचा,
धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

कसं लिहू कळत नाही. तुमच्या गिरणीनं चार नंबरचा लॉट पिवळा म्हणून परत पाठवला. साहेबांनी बाबांना कप धरायला लावला. बाबा स्वच्छ आहे म्हणाले आणि भोवतालची माणसं खाली बघू लागली. त्याच दिवशी टाकी काढून घेतली.

मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू आहे. उजवा कधीचाच गेलाय, डावाही गेल्यात जमा. दोन महिने आधी आणलं असतं तर डावा टिकला असता, असं डॉक्टर म्हणाले. चहा सांडताना मी रोज बघत होते रे. मला कसं कळलं नाही?

ताई

२७ मार्च

ती. ताईस नमस्कार.

हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस.

तू स्वतःला बोल लावू नकोस, दोष माझा आहे. जानेवारीतला लॉट पिवळाच होता. फेब्रुवारीतलाही. बाबांचा हात चुकणार नाही, म्हणजे नजर चुकली, हे पहिला खडा पाण्यात विरघळला तेव्हाच मी ओळखलं. परत केला तर त्यांची टाकी जाईल, म्हणून दोन्हींवर पास लिहून सही केली आणि माल गुपचूप पुठ्ठ्याच्या विभागाकडे वळवला, तिथे पिवळेपणा खपून जातो. मार्चचा लॉट वरिष्ठांनी स्वतः पाहिला, तेव्हा नाइलाज झाला. मी बाबांना सांभाळून घेतोय असं मला वाटत होतं, ताई.

तुझा,
धाकटा

५ एप्रिल

चि. धाकट्यास,

पत्र आलं की ते बाबांना मोठ्यानं वाचून दाखवायचं, हा आता घरातला नेम आहे. तुझी पहिली ओळ पाहिली आणि मी मनचंच वाचू लागले. हवा बरी आहे, खानावळीतलं जेवण बेचव आहे, बाबांनी काळजी करू नये, असं काहीबाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, हा मुलगा एवढं गोड कधी लिहीत नाही; त्याला विचार, त्याआधीचे लॉट कसे पास केले. मी पत्राची घडी घालू लागले. तेव्हा दोन, हा आकडाही त्यांनीच सांगितला. कारखान्यात राखून ठेवलेले जुने नमुने पाहून लोकांनी त्यांना टाकी गेली त्याच आठवड्यात कळवलं होतं.

मी तुझ्यावर रागावले आहे, हे स्पष्ट लिहिते. बाबा रागावले नाहीत आणि तेच मला सोसत नाही. ते एवढंच म्हणाले की, माझी नजर चालली आहे हे अख्ख्या जगात फक्त त्यालाच दिसत होतं.

लोभ आहे. सध्या तो शोधावा लागतोय.
ताई