बांधून ठेवलेलं फाटक

बर्गन, २४ जुलै १९८४

ती. ब्रीता आत्यांस,
आयलिव्हचा कृ. शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शुक्रवारी पोचलं. मी ते बाबांना दाखवलं नव्हतं, पण पाकिटावरचं अक्षर ओळखून त्यांनीच विचारलं, की इतक्या वर्षांनी ब्रीताला काय हवंय. तुमचा गुडघा आता डोंगराला तयार नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यापासून शेत आणि शेळ्या मी सांभाळीन का असं तुम्ही विचारलंय, हे मी सांगितलं. बाबा हसले. म्हणाले, तू बुटाची नाडी बांधेपर्यंत शेळ्या स्वीडनला पोचतील.

आत्या, मला यायचं आहे. हे वाक्य मी आधी कच्च्या कागदावर लिहून पाहिलं, आणि तिथेही ते बरोबर वाटलं. पण मला जमेल का, हे ठाऊक नाही. शाळा आठवीत सुटली, शुद्धलेखन तेवढं उरलं. जहाजांच्या सामानाच्या दुकानात मी दोरखंड मोजतो, कापतो, वेटोळं करून ठेवतो. शेळी फक्त लांबून पाहिली आहे.

तुमची अट मात्र कळली नाही. रेल्वे तुमच्या दरीतूनच जाते. मग मी वर डोंगरात फिन्सेला उतरून, आजोबांच्या वेळच्या रेल्वेमजुरांच्या रस्त्यानेच, सायकलवरून का यायचं? रागावू नका, विचारतो आहे. शिवाय: ऑगस्टअखेर वर बर्फ असतो का? मुर्दालच्या वळणांवर ब्रेक टिकतात का? रस्त्यात शेळ्यामेंढ्या अडवायला फाटकं आहेत असं ऐकलं, ती लावायची ना? आणि आजोबांनी त्या रस्त्याकडेला रचलेली भिंत नेमकी कुठली?

बाबांची तब्येत ठीक. तुमच्या गुडघ्याला जपा. लहानावरचा लोभ कमी होऊ नये, ही विनंती.

तुमचा,
आयलिव्ह

*

लियेन, फ्लोमची दरी, २ ऑगस्ट १९८४

चि. आयलिव्ह यास,
ब्रीता आत्याचे अ. उ. आ.

आत्याला कोणी तुम्ही म्हणतं का रे? पत्र वाचताना मला वाटलं, सरकारी कचेरीतून आलंय.

बर्फ असतो. जिथे असेल तिथे सायकल खांद्यावर घ्यायची, त्यात काही विद्या नाही. वळणांवर शहाणी माणसं उतरून चालतात. जी उतरत नाहीत त्यांना आम्ही खालून गोळा करतो. पाव आणि तपकिरी चीज घे, लोकरीचे मोजे दोन जोड घे. वर भेटेल त्याला हाय म्हणायचं. ही सवय बर्गनला परत नेऊ नकोस, लोक डॉक्टरकडे पोचवतील. फाटक उघडलंस की मागे लाव. या देशात चालायला लागलेल्या पोराला जे कळतं ते तू पत्र लिहून विचारतोस, धन्य आहे तुझी!

आजोबांची भिंत कुठली ते सांगणार नाही. तू बघत ये, आणि मग मला सांग.

का सायकलनेच, तेही आल्यावर. तुझा बाप रेल्वेने गेला, सणाला आला तेव्हा रेल्वेने आला, आणि मग यायचा थांबला. एवढंच आत्ता लिहिते.

आता खरं बोलू. वोस्सहून एक माणूस सप्टेंबरच्या शेवटी शेळ्या बघायला येतोय. चांगला आहे, सगळा कळप एकदम नेईल म्हणतो. त्याला हो म्हणायचं की नाही, ते तू माझ्या टेबलाशी बसून एक कॉफी प्यालास की ठरवीन. रविवारी, २६ तारखेला ये. आंबट सायीची लापशी करून ठेवते.

तुझ्या बापाला, हल्वारला म्हणावं, नाडी हळू बांधणाऱ्याचा बूट निदान पायात राहतो.

आहे तेवढी माया सगळी तुझ्याकडे.
ब्रीता आत्या

*

बर्गन, ११ ऑगस्ट १९८४

ती. आत्यास,
कृ. शि. सा. न. वि. वि.

तू म्हणायचा प्रयत्न करतो आहे. जीभ अडखळते तसा पेनही अडखळतो.

मी येतो आहे. शनिवारी दुकान बंद झालं की सायकल गाडीच्या सामानडब्यात टाकून फिन्सेला मुक्काम, रविवारी सकाळी निघेन. सोमवारी कामावर हजर व्हायचं असल्यामुळे त्याच संध्याकाळी शेवटच्या गाडीने परतावं लागेल, त्याबद्दल माफ कर. मधे वेळ मिळेल तेवढा तुझ्या टेबलाशी.

दालचिनीचे बन आणतो. इथल्या कोपऱ्यावरच्या बेकरीतले, बाबा म्हणतात तुला आवडायचे. त्यांनी हे न विचारता सांगितलं.

रस्त्याचा नकाशा पाठ केला. पण नकाशात भिंती नाहीत. तू असं कोडं घातलंस की झोपेतही दगड दिसतात.

भेटीपर्यंत लोभ जपून ठेव, मी येऊन घेतो.

तुझा,
आयलिव्ह

*

लियेन, २७ ऑगस्ट १९८४

चि. आयलिव्ह यास,
अ. उ. आ.

आला नाहीस. नाही तर नाही, पण टपालात एक ओळ टाकायची होतीस. तू तरी न कळवता राहणार नाहीस, असं मला वाटलं होतं. चुकले.

तसा कालचा दिवसच वाईट होता. दुपारनंतर मी वरचं फाटक उघडं करून दोरीने खांबाला बांधून ठेवते. शेळ्या दिवसभर वरच्या चढावर असतात. दुधाची वेळ झाली की घंटा बांधलेली रोस्का पुढे आणि बाकीच्या मागे, आपापल्या खाली येतात. काल आल्या नाहीत. मला वाटलं, फाटक उघडंच आहे, म्हणजे यांनाच वर काहीतरी झालं. नदीपलीकडच्या पायवाटेने हाका मारत चढले, हा गुडघा घेऊन. सापडल्या धबधब्याच्या खाली, कासा दगडासारख्या ताठ. त्यांना घेऊन रस्त्याने उतरले तर फाटक लावलेलं! कुठल्यातरी शहरी सायकलवाल्याने मोठ्या शिस्तीने लावलं होतं. वर दोरी सोडून, गोल वेटोळं करून, त्यालाच फास घालून खांबाच्या खिळ्याला टांगलेली. जहाजावर ठेवतात ना, तशी. इतकी सुंदर, की शिवी देता देता मी थांबले.

घरी आले तर लापशीवर साय धरलेली. पायरीवर कोणीतरी पुठ्ठ्याचं खोकं टाकून गेलं होतं. हल्ली लोक कचरा कुठेही टाकतात. शेळ्या माझ्या आधी पोचल्या आणि त्यांनी दोऱ्यासकट ते खाल्लं.

वोस्सच्या माणसाला मी अजून लिहिलेलं नाही. पण वाटही किती बघायची. तुझं काय ते सरळ सांग. नाही म्हटल्याने माझी माया आटत नाही, मात्र गप्प राहिलास तर तिला वाट कळत नाही.

ब्रीता आत्या

*

बर्गन, २७ ऑगस्ट १९८४

ती. आत्यांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

तुमचा निर्णय समजला. मला वाईट वाटलं तरी मी तक्रार करणार नाही. फक्त मी आलो होतो, एवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहितो.

फिन्सेहून निघालो तेव्हा तळ्यात बर्फाचे तुकडे तरंगत होते. सगळ्यात उंच भागात सायकल खांद्यावर घेतली. भेटलेल्या प्रत्येकाला हाय म्हणालो. हालिंगस्काइद स्टेशनच्या खाली घळीत पोचल्यावर प्रत्येक भिंतीशी थांबलो. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड, आणि इतक्या वर्षांचा बर्फ त्यांच्या अंगावरून गेलेला. एका भिंतीच्या मागे एका माणसापुरता खड्डा होता, वाऱ्याकडे पाठ करून. तिथे मी पाव खाल्ला. आजोबांची भिंत तीच असावी असं मला वाटलं. बरोबर होतं की नाही, ते आता कसं कळणार.

मुर्दालची वळणं चालत उतरलो, तरी पुढे उतारावर मागच्या ब्रेकची तार तुटली. तुमच्या सांगण्याप्रमाणे वाटेतलं एकूण एक फाटक लावलं. एक तर कोणीतरी निष्काळजीपणे उघडंच बांधून ठेवलं होतं. मी दोरी सोडून नीट ठेवली आणि तेही लावलं. मग रस्त्याखाली नदीकाठी बर्चच्या झाडांत बसून तार बदलली. नवी तार जागेवर बसेना, म्हणून फार वेळ गेला. वर कुठेतरी घंटा वाजत होत्या. थोड्या वेळाने नदीपलीकडून बाईची हाक ऐकू आली. लांब, वर चढत जाणारी, शेवटी तुटणारी. मी पाना खाली ठेवून ऐकत राहिलो. असं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. वाटलं, हे रोज ऐकायला मिळालं तर माणसाला दुसरं काय हवं.

मग घर. दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं. दारातूनच हाका मारल्या, आत पाऊल टाकलं नाही. टेबलावर दोन ताटल्या मांडलेल्या दिसल्या. एक तुमची. दुसरी माझी की वोस्सच्या माणसाची, ते कळेना. तो लवकर आला असेल, तुम्ही त्याला शेळ्या दाखवायला वर गेला असाल, म्हणजे तुमचं ठरलंच, असं वाटलं. बनांचं खोकं पायरीवर ठेवलं. गाडीची वेळ होईपर्यंत थांबलो, मग खाली फ्योर्डकाठच्या स्टेशनापर्यंत सायकल सोडून दिली.

गाडी लागायची होती, म्हणून धक्क्याच्या पायऱ्यांवर उतरून फ्योर्डच्या पाण्यात हात घातला आणि चाखून पाहिलं. एवढ्या लांब आत आलेला समुद्र खारट असतो का, हे मला लहानपणापासून पाहायचं होतं. जवळजवळ गोडं लागलं. यात फसल्यासारखं का वाटावं, कळत नाही.

रेल्वेनेच परतलो, बाबांसारखा.

लोभ ठेवावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. मनापासूनही लिहितो.

आयलिव्ह

*

लियेन, ३० ऑगस्ट १९८४

चि. आयलिव्ह यास,
अ. उ. आ. आणि दोन रट्टे.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं तुला मिळालं असेल आणि वाचून तू खुर्चीत मटकन बसला असशील. उठ आता.

तुझं पत्र मी गोठ्यात उभ्याने वाचलं. घंटांपर्यंत आले आणि बादलीवर बसले. अरे गाढवा, ती हाक मारणारी बाई मी होते! आणि ती हाक गोड वगैरे काही नव्हती, रोस्काच्या नावाने बोटं मोडत होते, कारण खरा गुन्हेगार अजून माहीत नव्हता. तू झाडीत बसून ऐकत होतास आणि मी पलीकडून तुझ्याच करणीपायी शेळ्या शोधत होते. शेजारच्या अन्सगारला सांगितलं तर दुधाची गाडी थांबवून हसला. बन शेळ्यांना आवडले. रोस्का अजून पायरी हुंगते.

चूक तुझी नाही. फाटक लाव म्हणून मीच लिहिलं. आपल्या लोकांना ते इतकं पाठ असतं, की बांधून ठेवलेलं फाटक मुद्दाम बांधलं असेल, हे मनातच येत नाही. खरा नियम असा, की फाटक जसं सापडलं तसं सोडायचं. मला तो लिहायला सुचला नाही, कारण मला तो कोणी लिहून दिला नव्हता.

आता तुझी उत्तरं. दुसरी ताटली तुझी. वोस्सचा माणूस घरात आलेलाच नाही.

भिंत. खरं सांगू? आजोबांची कुठली ते मलाही ठाऊक नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही. स्वीडनहून एका उन्हाळ्यासाठी आलेला मजूर, दगड रचले, माझ्या आईशी लग्न केलं, राहिला. मला फक्त एवढंच हवं होतं, की तू प्रत्येक भिंतीशी थांबावंस. सायकलचं कारणही हेच. रेल्वेतून येणारा बोगदे बघतो, आणि त्याला एकही फाटक स्वतःच्या हाताने उघडावं लागत नाही. फाटक उघडून आलेला माणूस मला पाहायचा होता. पाहिला नाही, पण त्याची दोरी पाहिली.

आणि फ्योर्डचं पाणी. वर नदीचं गोडं पाणी पसरलेलं असतं, पोरा, खाली सगळं खारंच. वरच्या ओंजळीवरून फ्योर्ड ठरवू नये, आणि रिकाम्या खुर्चीवरून आत्या.

बरोबर दोरी पाठवते आहे. तू टांगलीस तशीच, एक वेढाही हलवलेला नाही. ती इथली आहे, इथे परत लागेल. टपालाने मला नको.

वोस्सच्या माणसाला आज लिहिलं. काय लिहिलं, ते दोरी घेऊन आलास की सांगेन.

माया आहे, आणि ती रविवारीही होती.
ब्रीता आत्या

*

बर्गन, ६ सप्टेंबर १९८४

ती. आत्यास,
कृ. शि. सा. न. वि. वि.

दोरी पोचली. दुकानात काउंटरवर उघडली, शेळ्यांचा वास सगळीकडे पसरला. मालकांनी विचारलं, हे काय आहे. मी नोकरी सोडतो असं सांगितलं. ठरवून बोललो नाही. पण बोलल्यावर तपासून पाहिलं, चूक सापडली नाही.

बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. हाकेच्या भागाशी आल्यावर त्यांनी पुन्हा वाच म्हटलं. नंतर खाली जाऊन सायकलला नवीन ब्रेक बसवले, मला हात लावू दिला नाही. वर येऊन विचारलं, की घंटा बांधलेली अजून सगळ्यांच्या पुढे असते का. मी म्हणालो, स्वतः येऊन बघा. त्यांनी नाही म्हटलं नाही.

वर बर्फ पडून रस्ता बंद व्हायच्या आत, येत्या रविवारी निघतो. परतीचं तिकीट काढलेलं नाही. बनांची दोन खोकी आणतो, एक तुझ्यासाठी. भिंतींशी पुन्हा थांबणार आहे. आजोबांची नाही कळली तरी चालेल, आता मला बाकीच्याही कोणी रचल्या ते जाणून घ्यायचं आहे.

एकच शंका उरली आहे. मी पोचेन तेव्हा वरचं फाटक उघडं असेल, पण दोरी माझ्याजवळ आहे. मग ते कशाने बांधलेलं असेल? मी विचार केला आणि ठरवलं, की शेळ्या उतरेपर्यंत तिथेच थांबून मी ते हाताने धरून ठेवीन. त्यांच्या मागोमाग खाली येतो. लापशी तेव्हाच गरम कर.

लोभ जसा सापडला तसाच सोडतो आहे, उघडा.

तुझा,
आयलिव्ह